फुकटचा डाव

ज्या व्यवहारांत हानीचें भय नाहीं, त्या व्यवहारांत विवेकाचा किंवा धैर्याचा अभ्यास होऊं शकतो काय? प्रश्न जुना आहे; परंतु अलीकडे तो आमच्या दृष्टीस पडला तो एका अगदीं नव्या ठिकाणीं, आणि सभ्य लोक ज्याकडे पाहून नाक मुरडतात अशा ठिकाणीं. पोकर नांवाचा पत्त्यांचा जुगार आतां संगणकाच्या पडद्यावर खेळला जातो, व तो खेळविणाऱ्या पाश्चात्य कंपन्या नवशिक्यांसाठीं प्रवेशशुल्क नसलेले सामने भरवितात. त्यांस तिकडे 'फ्रीरोल' म्हणतात. खेळणारानें एक पैही द्यावयाची नाहीं. शेंकडों, कधीं हजारों माणसें एकदम बसतात. प्रत्येकास सारख्याच चिप्स मिळतात. ज्याच्या संपल्या तो उठतो. आणि शेवटीं उरलेल्या मूठभरांस अल्पसें द्रव्य बक्षीस मिळतें. भारतांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ च्या कायद्यानें मनाई झाली आहे. त्या कायद्याची युक्तायुक्तता हा आमचा आजचा विषय नव्हे. आम्हांस कुतूहल आहे तें येथें मिळणाऱ्या शिक्षणाचें.

तें शिक्षण मुळींच मिळत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. समजा, हातांतील दोन आणि टेबलावरील चार सामाईक पानें मिळून चार किलवर जमले आहेत. पांचवा आला तर डाव आपला. न दिसलेलीं पानें ४६. त्यांत किलवर ९. म्हणजे संभव सुमारें पांचांत एक. मध्यभागीं शंभर चिप्स आहेत आणि प्रतिपक्षी आणखी पन्नास लावतो. आपण पन्नास देऊन दीडशें मिळविण्याची आशा करावयाची, तर चारांतून एकदां तरी जिंकलें पाहिजे. तेव्हां पत्ते टाकून द्यावे, हेंच योग्य. टाकल्यानंतर पुढचें पान किलवरचेंच निघालें, तरी निर्णय चुकला असें होत नाहीं. ज्या गणितावर हें उभें आहे, त्याचा पाया १६५४ सालीं पास्काल आणि फर्मा यांनीं अर्धवट राहिलेल्या डावाच्या वांटणीविषयीं केलेल्या पत्रव्यवहारांत घातला गेला. कर्म आणि फल यांची फारकत आपल्याकडे व्याख्यानांतून पुष्कळ ऐकावयास मिळते. येथें ती तासाभरांत वीस वेळां करून दाखवावी लागते.

परंतु हें सारें प्रतिपक्षीही विचार करतो असें धरून झालें. फुकटच्या सामन्याच्या आरंभीं तसें नसतें. गमवावयाचें कांहींच नसल्यामुळें पहिल्याच डावांत चारपांच जण आपल्या सर्व चिप्स पुढें लोटतात. दोन एक्के हातीं येणें हा २२१ डावांतून एकदां येणारा योग. एका यदृच्छेच्या प्रतिपक्ष्यापुढें ते शंभरांत पंचाऐंशी वेळां जिंकतात. अशाच चौघांपुढें सुमारें छपन्न वेळां, आणि आठांपुढें पस्तीसच. मग हूल देण्याची कला तर शिकतांच येत नाहीं. हूल चालते ती समोरच्यास कांहीं गमावण्याची भीति असते म्हणून; निर्भयाला फसविणार कसें? थोडें विषयांतर होईल, पण आमच्या महाविद्यालयांतील वक्तृत्वसभा आम्हांस येथें आठवतात. तेथें तरुण मंडळी कोणताही पक्ष तितक्याच आवेशानें मांडतात, कारण त्या मताची किंमत त्यांस कधींच द्यावयाची नसते. त्यांतून वाणी तयार होते. मत तयार होतें कीं नाहीं, याविषयीं आम्हांस अजून शंका आहे.

ॲरिस्टॉटलचें म्हणणें असें, कीं धैर्याचीं कृत्यें करून मनुष्य धीट होतो. तर मग जेथें धैर्य लागतच नाहीं, तेथें त्याचा सराव कसला? या आक्षेपास उत्तर म्हणून तिकडील लोक ॲनेट ओब्रेस्टाड या नॉर्वेजियन मुलीचें उदाहरण देतात. पदरचा पैसा न घालतां फुकटच्या सामन्यांतून आपण भांडवल उभें केलें, असें ती सांगते. आणि २००७ सालीं, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, तिनें लंडन येथें जागतिक मालिकेच्या युरोपीय शाखेचा मुख्य सामना व दहा लक्ष पौंड जिंकले. उदाहरण दिपविणारें आहे. पण एका विजयानें शिक्षणपद्धतीची परीक्षा होत नाहीं, हें तर पोकरचाच पहिला पाठ सांगतो.

आम्हांस अधिक बोधक वाटतो तो ख्रिस फर्ग्युसनचा प्रयोग. हा संगणकशास्त्राचा डॉक्टर, आणि २००० सालचा पोकरचा जगज्जेता. २००६ सालीं त्यानें शून्यापासून, म्हणजे फुकटच्या सामन्यांतून, आरंभ करून दहा हजार डॉलर जमविण्याचा संकल्प केला व तो तडीस नेला. संकल्पास नियम होता: नेहमींच्या टेबलावर जवळच्या एकंदर रकमेच्या शेंकडा पांचांहून अधिक घेऊन बसावयाचें नाहीं, आणि मोठ्या सामन्यांत शेंकडा दोहोंहून अधिक घालावयाचें नाहीं. ज्याच्या घरीं लक्षावधि आहेत, त्यास दोन डॉलर हे दोनच डॉलर. त्यांस वजन आलें तें नियमामुळें. म्हणजे पणास लागावयास पैसाच हवा असें नाहीं. स्वतःस दिलेलें वचनही पणास लागतें. मात्र ज्या कंपनीच्या टेबलांवर हें घडलें आणि जिच्या संचालकांत तो होता, ती २०११ सालीं अमेरिकन सरकारची कारवाई होतांच खेळणारांच्या ठेवी परत करूं शकली नाहीं. त्यांत व्यक्तिशः कोणाचा दोष किती, तें आम्ही ठरवीत नाहीं. परंतु आपल्या पैशाविषयींचें व्रत आणि दुसऱ्याच्या ठेवीविषयींचें व्रत हीं दोन निराळीं आहेत, एवढें त्यावरून दिसतें.

व्यासांस ही गोष्ट ठाऊक असावी. युधिष्ठिरास अक्षविद्येचें रहस्य बृहदश्व सांगतो तें वनपर्वांत. राज्य, भाऊ, द्रौपदी सर्व पणास लावून झाल्यावर, लावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं तेव्हां. ती विद्या घेऊन तो पुन्हां हस्तिनापूरच्या सभेंत जात नाहीं. विराटाच्या घरीं कंक होऊन खेळतो, आणि जिंकलेलें धन गुपचूप भावांस देतो.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आरंभीं बेफाम सुटलेला हा फुकटचा सामना चारपांच तासांनीं अगदीं पालटतो. थोडेच जण उरतात, आणि तेच लोक आतां एकेका पानाशीं विचार करूं लागतात. बक्षीस तेंच, क्षुल्लक. परंतु मध्यें एक संध्याकाळ गेलेली असते, आणि ती गमवावयाची कोणाची तयारी नसते. भीति येते, भीतीबरोबर हूलही चालूं लागते, आणि खरें पोकर सुरू होतें. कंपन्यांस हें चांगलें ठाऊक असतें. पैशांच्या टेबलाकडे नेणारी कळ त्याच पडद्यावर, हाताशींच ठेवलेली असते.