हाताचे मोल

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य मी वीस वर्षे मुलांकडून वहीत लिहवून घेत आलो आहे. म्हण सांगावी, अर्थ विचारावा, वाक्यात उपयोग करून दाखवा म्हणावे आणि पुढच्या म्हणीकडे वळावे. या म्हणीचा उपयोग आपल्यालाच घरात करून पाहावा लागेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

२०२३ च्या मार्च महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीला उंब्रजजवळ एका टेम्पोने ठोकरले. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून निकामी झाला. आक्का विधवा आहे. पापड, कुरडया, शेवया करून तिने दोन मुले वाढवली. पापड लाटणाऱ्या बाईचा उजवा हात गेला म्हणजे काय गेले, हे माझ्या गृहिणी वाचकांना निराळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवून हा लेख लिहिता येणार नाही. त्या दिवशी आक्काला आणायला मी स्कूटर घेऊन जायचा होतो. कादंबरीची मुद्रिते तपासत बसलो आणि तासभर उशीर केला. वाट पाहून कंटाळलेली आक्का रिक्षा धरण्यासाठी रस्ता ओलांडायला निघाली.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आमच्या खाटेपाशी आले. हातात फळांची पिशवी, तोंडात ‘मावशी’. म्हणाले, “वकील आमचा, खर्च आमचा. तुम्ही नुसती सही करा. मिळेल त्यातले तीस टक्के आमचे.” जाताना माझ्या कानाशी लागून पुढे म्हणाले, “मावशी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या असे सांगायचे. ओलांडत होत्या असे म्हणायचे नाही. आणि उत्पन्न महिना पंचवीस हजार. साक्षीदार आपण देऊ.”

मला हे बोलणे वाईट वाटायला हवे होते. खरे सांगतो, वाटले नाही. उलट अंधारात कोणी कंदील धरावा तसे वाटले.

आक्काने मात्र मूळ प्रश्नालाच हात घातला. “बाळ, हाताचे पैसे घ्यायचे? मग हात विकला असेच झाले की.” त्यातच टेम्पोवाल्या पोराची आई येऊन तिच्या पायाशी बसली. पोर वीस-बावीस वर्षांचे, गाडी दुसऱ्याची, घरी दोन बिघे कोरडवाहू. ती गेल्यावर आक्का म्हणाली, “त्या गरिबाच्या तोंडचा घास काढून मी किती दिवस जेवणार?”

या दोन प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाला कायदा म्हणजे काळा कोट आणि पिवळे कागद, एवढेच ठाऊक. अखेर शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी साताऱ्याला जिल्हा न्यायालयात गेलो. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात ही सोय केलेली आहे आणि बाईमाणसाला तिचे उत्पन्न न विचारता तिथे फुकट वकील मिळतो. लहान मुले, अपंग, अनुसूचित जातीजमातींची माणसे, कारखान्यातले कामगार यांनाही मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. इतकी मोठी गोष्ट मला माहीत नव्हती आणि मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होतो!

तिथे ज्या वकीलबाई मिळाल्या, त्यांना मी प्रथम त्या फळवाल्या गृहस्थांची हकिकत सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “गुरुजी, एक खूण लक्षात ठेवा. आम्हांला स्वतःची जाहिरात करायची बंदी आहे आणि निकालावर फी ठरवायची किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचीही बंदी आहे. जो आपण होऊन खाटेपाशी येतो आणि टक्के बोलतो, त्याने पहिल्याच दिवशी नियम मोडलेला असतो. तुमच्यासाठी तो दुसरा कशाला पाळील?”

चांगला वकील कसा ओळखावा, असे मला आता कोणी विचारले तर मी सांगेन की पहिल्या भेटीत जो रकमेचा आकडा सांगतो तो नव्हे. कागद मागतो तो. वकीलबाईंनी कागदच मागितले. पोलिसांतली पहिली खबर, जागेचा पंचनामा, दवाखान्यातून सोडल्याचे कार्ड, औषधांच्या पावत्या, अपंगत्वाचा दाखला, गाडीच्या विम्याची नक्कल. मग मुदत सांगितली. २०२२ च्या एप्रिलपासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा करावा असा नियम आला आहे. त्या मुदतीवर न्यायालयांत वाद झाले आहेत, पण शहाण्याने वादाच्या भरवशावर न राहता ती पाळावी. दावा अपघात झाला तिथे करता येतो, तसा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. ठोकरणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, परंतु तिथल्या निवाड्यावर अपील नाही; म्हणून तिथे सही करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आक्काच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळाले. पैसे त्या पोराच्या घरातून जायचे नव्हते. प्रत्येक गाडीला तिसऱ्या माणसाच्या इजेसाठी विमा उतरावाच लागतो, तो याचसाठी. टेम्पोचा विमा चालू होता, पोराचा परवानाही खरा होता. तेव्हा भरणार होती ती कंपनी. रस्त्यावरून चाके फिरवणाऱ्या सगळ्यांनी थोडे थोडे टाकून जो गल्ला भरून ठेवलेला असतो, त्यात मोडलेल्या माणसाने हात घालावा, ही चोरी नव्हे आणि भीकही नव्हे. पोरावरचा फौजदारी खटला निराळा. तो सरकार चालवते.

पहिल्या प्रश्नाचे काय? हात विकता येतो का? कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर असेल असे मला वाटले नव्हते. वकीलबाईंनी २०१० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल समजावून सांगितला. त्यात न्यायमूर्तींनी दाखला दिला आहे तो असा : एकाचा डावा हात तुटला. डॉक्टरांच्या हिशेबी अपंगत्व साठ टक्के. पण तो माणूस सुतार असेल किंवा गाडीवान असेल, तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. आणि सरकारी कचेरीत कारकून असेल, तर कदाचित नोकरी तशीच राहील. हात तोच, पण नुकसान तेच नाही. म्हणजे कायदा हाताची किंमत करीतच नाही. त्या हाताने जे आयुष्य चालले होते, त्यात कुठे आणि किती खड्डा पडला, एवढेच तो पाहतो. शिवाय वेदनेचा आणि जगण्यातल्या हरवलेल्या आनंदाचा रकाना तो वेगळा ठेवतो. घरच्या बाईचे कष्ट फुकटचे समजू नयेत, हेही त्याच न्यायालयाने २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली बजावले आहे. आपल्या किती घरांत अजून ते पोचायचे आहे!

आक्काला मी हे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हाताचे नाही, खड्ड्याचे म्हणतोस. मग ठीक आहे.”

आता तिची कैफियत लिहायची होती. लेखक म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी रात्री बसून चार पाने लिहिली. त्यात तिचे वैधव्य, तिचे पापड, तिचे अश्रू सगळे होते. आणि ‘रस्त्याच्या कडेला उभी असताना’ हे शब्दही होते. ते कुठून आले हे मी विचारू नये, तुम्हीही विचारू नका. आक्काने वाचून घ्यायला लावले. त्या शब्दांशी येताच म्हणाली, “मी उभी नव्हते. ओलांडत होते. एकाच बाजूला बघितले.”

मी म्हणालो, “आक्का, त्याने रक्कम कापतील.”

“कापू देत. माझी चूक असेल तेवढे माझ्याकडे. त्या पोराने गाडी जोरात आणली, तेवढे त्याच्याकडे. सगळे त्याच्या माथी मारले तर ते पोर रोज माझ्या स्वप्नात येईल.”

त्या क्षणी मला कळले की मी कंपनीकडून मागत होतो ती भरपाई हाताची नव्हती. माझ्या त्या एका तासाची होती. रक्कम जितकी मोठी, तितका माझा उशीर लहान होणार होता! माणूस दुसऱ्यासाठी भांडतो तेव्हा तो कोणाचे कर्ज फेडतो आहे, हे त्याने एकदा तपासून पाहावे.

वकीलबाईंनी माझी चार पाने बाजूला ठेवली आणि आक्काच्या शब्दांत एक पान लिहिले. साक्षीत तिला विचारले, दिवसाला किती पापड लाटत होता? तिने सणाचे दिवस वेगळे, पावसाळा वेगळा करून सांगितले. पावती एकही नव्हती. गिऱ्हाईक असलेल्या दोन दुकानदारांनी येऊन खरे तेच सांगितले. निकाल लागला. ओलांडताना तिने काळजी घेतली नाही म्हणून रकमेतला चौथा हिस्सा कापला गेला. मी घरी येईपर्यंत हळहळत होतो. आक्का म्हणाली, “बरोबर मोजले त्यांनी.” तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते पूर्ण रक्कम मिळून आले असते की नाही, मला शंका आहे.

म्हणून मी आता ती म्हण मुलांना थोडी निराळी समजावतो. खोटे घेऊन ती पायरी चढू नये. वैर काढायला चढू नये. पण आपल्यावर जे ओढवले ते चारचौघांत खरे सांगण्यासाठी आणि जे भरून निघण्याजोगे आहे ते भरून मागण्यासाठी ती चढायला हरकत नाही. उरलेले, जे कोणतेच न्यायालय भरू शकत नाही, ते घरच्यांनी भरायचे असते.

आक्काने पापडाचे लहानसे यंत्र घेतले आहे. ते डाव्या हाताने चालते. सोऱ्याला मात्र दोन हात लागतात. म्हणून दिवाळीत चकलीचा सोऱ्या मी दाबतो आणि ती कढईपाशी बसून माझ्या चकल्यांना नावे ठेवते. सांगितलेल्या वेळी मी तिच्या दारात असतो.