निवडणाऱ्याची अमानत

एखादी वस्तू कोणी उचलली की तिची जागा रिकामी होते. चोरी ओळखायची आपली जुनी खूण हीच. काल झाडावर आंबा होता, आज नाही, म्हणजे कोणीतरी नेला. कॉम्प्युटरमधलं गाणं पेन ड्राइव्हवर उतरवलं तर मूळ जागी ते जसंच्या तसं राहतं. त्यामुळे उतरवणाऱ्याला आपण कोणाचं काही घेतलं असं वाटत नाही. आणि जे त्याने उतरवलं नाही तेही मागे तसंच असतं, म्हणून आपण काही टाकून दिलं असंही त्याच्या मनात येत नाही. दोन्ही बाजूंनी माणूस मोकळा. मीही २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत अशीच मोकळी होते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि राहते शिवथरच्या खोऱ्यात. माझे मामू महाडला राहतात. त्यांच्या उमेदीची वर्षं कुवेतमध्ये गेली. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि हजारो हिंदुस्तानी लोकांबरोबर तेही हात हलवत परत आले. कॅसेटी मात्र दर सुट्टीला थोड्या थोड्या घरी पोचल्या होत्या, त्या वाचल्या. पुढे २००८ च्या सुमारास त्यांच्या धाकट्या मुलाने टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून एक वायर कॉम्प्युटरला जोडली आणि सगळ्या कॅसेटी एकेक करून आत घेतल्या. या कामाला घाई चालत नाही, अर्ध्या तासाची बाजू उतरायला अर्धा तासच लागतो. दोन पावसाळे ते चाललं होतं. शिवाय मित्रांकडून आणलेली, सीडीवरून घेतलेली गाणी होतीच. असं करत करत त्या कॉम्प्युटरात चार हजारांच्या आसपास गाणी झाली.

२०२१ च्या सुरुवातीला, शाळा अजून धड सुरू नव्हत्या तेव्हा, मामूंनी मला बोलावून घेतलं. काचबिंदूने त्यांना पडद्यावरचं दिसेनासं झालं होतं. मुलगा परदेशी. उशाशी ठेवता येईल असा छोटा स्पीकर त्याने पाठवला होता आणि आठ जीबीचा पेन ड्राइव्ह.

“मास्तरीण, सगळी भरू नकोस,” मामू म्हणाले. “निवडून भर. मला काय लागतं ते तुला ठाऊक आहे.”

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून ऐकलं.

आधी गाण्याबद्दलचा नेहमीचा प्रश्न. गाणं ऐकावं की ऐकू नये, यावर आपल्याकडे हजार वर्षं वाद आहे. इब्ने अबिद्दुनयांनी वाद्यांच्या निषेधावर पुस्तक लिहिलं, इब्ने हज्म यांनी गाणं मुबाह ठरवलं, आणि इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर एक पूर्ण प्रकरण लिहून ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे तिकडे बोट दाखवलं. तो वाद मी इथे मिटवणार नाही. मामू पाच वेळचे नमाजी आहेत आणि तलत महमूद ऐकतात, एवढं पुरे.

दुसरा प्रश्न मालकीचा. एके काळी एस. टी. स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या असत. भरणारा आणि भरून घेणारा, दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. कायद्याचं म्हणणं असं : ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं त्याचे हक्क राहतात. ‘मुगले आजम’ १९६० चा, म्हणजे त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. मी मामूंचा पेन ड्राइव्ह भरत होते त्याच्या जेमतेम दोन महिने आधी! पण शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. शकील बदायुनी १९७० मध्ये गेले आणि नौशाद २००६ मध्ये. म्हणजे त्याच गाण्याचे शब्द २०३० च्या अखेरपर्यंत बांधलेले आणि चाल २०६६ पर्यंत. एकाच गाण्याचे तीन भाग तीन वेगवेगळ्या वर्षी मोकळे होतात. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रास्त वापराला कलम ५२ ची सूट आहे. रास्त म्हणजे किती, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

शरीअतच्या बाजूनेही हे मोकळं रान नाही. इस्लामी परिषदेच्या फिकह अकादमीने १९८८ च्या डिसेंबरमध्ये ठराव केला की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क हे खरे हक्क आहेत आणि त्यांचं उल्लंघन जायज नाही. ही बैठक भरली होती कुवेतमध्ये. त्याच कुवेतच्या बाजारात त्या काळी नक्कल केलेल्या कॅसेटी उघड मिळत आणि आमचे मामू त्या सुट्टीला येताना बॅगेतून आणत. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. “तेव्हा कोणी सांगितलं नाही ग,” एवढंच म्हणाले.

हा हिशेब मी बराच वेळ केला. गाणी निवडताना मी सावध होते ती याच बाजूला, कोणाचं जास्त उचललं जाऊ नये म्हणून. आपण काय मागे ठेवतोय, याचा हिशेब मी केलाच नाही.

आमच्या शिवथरला नकलेचा एक मोठा इतिहास आहे. शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात शेजारी धबधबा इतका गरजतो की दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे उभं राहिलं की मला दर वेळी लिहून घेणाऱ्याचीच काळजी वाटते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, समास किती सोडावा, पहिलं पान आणि शेवटचं पान एका हातचं कसं दिसावं, हे सगळं त्यात आहे. आपल्याकडच्या कातिबांची शिस्त याहून वेगळी नव्हती. नक्कल करणाऱ्याने ओळ गाळायची नाही. आवडली नाही म्हणून नाही, आणि ती दुसरीकडे लिहिलेली आहेच म्हणूनही नाही.

पेन ड्राइव्ह भरणारा कातिबही असतो आणि निवडणाराही. कातिबाचं काम यंत्र चोख करतं, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. आपल्या हाती उरते ती फक्त निवड. आणि तिच्याकडेच आपण काम म्हणून बघत नाही.

मी दोन दिवस बसले. पहाटेसाठी हम्द आणि नात. मग तलत, रफी, बेगम अख्तर. अझीझ नाझाँ यांच्या कव्वाल्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि त्यांची लेक हिराबाई बडोदेकर. शाहीर अमर शेख तर हवेतच. मेहबूब पटेल या नावाने जन्मलेल्या त्या माणसाचा आवाज मामूंनी लहानपणी मैदानात ऐकलेला. असे स्वस्त स्पीकर बऱ्याचदा नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने गाणी भरली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून एकेक करून, मामूंच्या दिवसाच्या वेळा धरून भरली. नऊशेच्या वर गाणी झाली. मला माझं काम आवडलं होतं.

सर्वांत खाली ‘अननोन आर्टिस्ट’ असा ढीग होता. नाव, वर्ष काही नसलं की कॉम्प्युटर ज्यांना एकत्र टाकतो त्यातली ही गाणी. त्यात ‘साइड बी’ नावाची एक तीस मिनिटांची फाइल होती. लावून बघितली. १९८६ साल, माझ्या अम्मीची हळद. नानी, मुमानी, खाला आणि शेजारच्या एक बी, अशा चौघी आमच्या कोकणी बोलीत हळदीची गाणी म्हणत होत्या. मध्ये भांडी पडतात, कोणी मूल रडतं, अम्मी हसते, कोणी तिला गप्प करतं. आवाज फाटलेला.

मी ती भरली नाही.

कारणं होती. एक, ऐकू नीट येत नव्हतं. दुसरं मला जास्त मोठं वाटलं. स्पीकर ओटीवर वाजणार, येणारे जाणारे पुरुष ऐकणार. त्या चौघी आतल्या खोलीत, दार लावून, आपल्या माणसांत गात होत्या. त्यातल्या काही ओळी वराच्या आईच्या नावाने केलेल्या चेष्टेच्या आहेत. त्यांनी हे माझ्या पेन ड्राइव्हसाठी म्हटलं नव्हतं. कंपनीच्या गाण्याला कंपनी राखणदार आहे, शिवाय १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात गाणाऱ्याचेही हक्क आले. नानीचा राखणदार कोण? मीच, असं मला वाटलं. आजही हे कारण मला खोटं वाटत नाही. पण त्याच्या मागे एक आणखी वाक्य होतं, जे मी मनातही पूर्ण म्हटलं नाही : कॉम्प्युटरात आहेच की.

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत कोणी कॉम्प्युटरचं नाव काढलं असतं तर मीच त्याला बोलले असते. मामू आणि मुमानी शेजाऱ्यांच्या माडीवर रात्रभर होते. मामूंनी औषधांची पिशवी घेतली होती आणि उशाजवळचा स्पीकर, पेन ड्राइव्हसकट. मी तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. कॉम्प्युटरचा डबा आडवा पडलेला, त्यातून पाणी ओघळत होतं. कॅसेटींच्या फिती खिडकीच्या गजांना गुंडाळल्या होत्या. हार्ड डिस्क नंतर पुण्याला नेली. तिथून ती तशीच परत आली.

यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर (र.) हजरत अबू बक्र (र.) यांच्याकडे गेले आणि कुरआन एकत्र लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. हजरत अबू बक्र (र.) आधी कचरले होते. गाण्याची आणि अल्लाहच्या कलामाची तुलना मी करत नाही, तौबा. मला त्या प्रसंगातला माणूस आठवतो, ज्याच्या लक्षात आलं की जे छातीत आहे ते कायम तिथे राहीलच असं नाही. मी कुरआन शिकलेली, मुलांना हा इतिहास शिकवलेली बाई. मला मात्र वाटलं की मामूंचा कॉम्प्युटर कायम राहील.

दोन-तीन महिन्यांनी मामूंनी विचारलं, “ती साइड बी कुठे लागते ग? मी पुढे पुढे दाबत गेलो, येतच नाही.”

मी म्हटलं, “पुरात गेली, मामू.”

यात एक शब्द खोटा नव्हता.

सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती ज्यांच्या त्यांना पोचवण्याचा हुकूम आहे. वर्गात अमानत समजावताना मी नेहमी पैशाचं, दागिन्याचं उदाहरण देते. कोणी ठेवायला दिलं, आपण परत केलं, झालं. निवडायला दिलेली गोष्ट या उदाहरणात बसत नाही, कारण ज्याने दिली त्याने आपल्याला परवानगीच दिलेली असते. मामू म्हणाले होते, निवडून भर. मग खयानत कुठे झाली? निय्यत तपासावी तर निय्यत साफ होती. मी स्वतःला बरेच दिवस इथपर्यंत आणून सोडत असे. पण एक हिशेब राहत होता. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर प्रत्यक्ष जागा साडेसातच्या थोडी आत मिळते. माझी नऊशे गाणी पावणेपाच जीबीत बसली. म्हणजे अडीच जीबीहून जास्त मोकळी होती. साइड बी होती जेमतेम तीस एमबीची. नानीचा पडदा राखायचा होता तर ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर घालून मुमानीच्या हातात देता आली असती. असा एक माझ्या पर्समध्ये होता, मुलांच्या प्रश्नपत्रिकांचा. मी पडदा राखला नाही. ठेवायचं की नाही हा निर्णय मी दुसऱ्या यंत्रावर सोपवला आणि उठले. चोरी नाही म्हणायला जो आधार घेतला होता तोच इथेही घेतला, की मूळ जागी आहेच.

गेल्या रमजान ईदला मी मामूंना सांगितलं. मुमानी आत शिरखुर्मा गरम करत होती.

“ती पुरात गेली खरी. पण मी भरलीच नव्हती, मामू.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जागा नव्हती?”

“होती.”

त्यांनी चाचपडत स्पीकर बंद केला. “तुझी नानी तेव्हा मला ओरडली होती. टेप मी दाराआड लपवून लावला होता ना. बाहेर कुठे वाजवलीस तर बघ, म्हणाली. आणि मी ती कॅसेट कुवेतला नेली. खोलीत आम्ही अकरा जण होतो. सगळ्यांना ऐकवली. दर शुक्रवारी मागायचे.” मग जरा वेळाने, “तिला कधी सांगितलं नाही मी.”

आतून मुमानी म्हणाली, “मला येतात त्यातली. सगळी नाही, पण येतात.”

मी मोबाइल काढला. मामूंना दिसत नाही, पण पर्सची चेन उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला असावा.

“आधी विचार तिला,” ते म्हणाले.

मी आत जाऊन विचारलं. मुमानी म्हणाली, एकटीने म्हणायची नसतात ती, आणि खालाला विचारल्याशिवाय तर नाहीच. चौघींपैकी आता या दोघी आहेत. खाला पोलादपूरला लेकीकडे असते. येत्या रविवारी तिच्याकडे जायचं ठरलं आहे, पहिल्या एस. टी. ने. मोबाइल आणायचा की नाही ते ती सांगेल.