ऋतू पाळणारा देव

पंढरीचा परमात्मा हा ऋतू पाळणारा देव आहे, हे आपण वारकरी मंडळी डोळ्यांनी पाहतो, पण मनात धरीत नाही. चैत्रपाडव्यापासून मृग लागेपर्यंत त्याच्या अंगाला चंदनाची उटी लागते. थंडी पडली की कानपट्टी बांधतात, उबदार वस्त्रे घालतात. आषाढी-कार्तिकीला त्याचा पलंग काढून ठेवतात. मग तो रात्रंदिवस भक्तांसाठी उभाच. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते, आणि शीण जावा म्हणून रात्री देवाला काढा देतात. निर्गुण परब्रह्माला शीण कसला, असे कोणी वेदान्ती विचारील. अहो, सगुण झाला की देहाचा धर्म आला, आणि देहाचा धर्म आला की ऋतू आला. देव काढा घेतो, आणि भक्त मात्र ‘आम्हाला काय होते’ म्हणून बारा महिने एकाच चालीने देह राबवतो, हे शोभत नाही.

आमच्या पाठशाळेत साहित्य-व्याकरणाबरोबर थोडे वैद्यकही कानावर पडत असे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात वर्षाचे दोन भाग केले आहेत. शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाल; त्यात सूर्य जगाचा ओलावा आणि प्राण्यांचे बळ ओढून घेतो. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाल. त्यात घेतलेले परत मिळते. पण लगेच मिळत नाही, ही यातली मेख आहे. पाऊस पडू लागला म्हणजे बळ आले असे नव्हे. उलट पावसाळ्यात जठराग्नी सर्वांत मंद असतो. बळ भरून यायला हेमंत उजाडावा लागतो. म्हणजे देणे सुरू झाल्यावरही घेणाऱ्याच्या अंगी लागायला दोन-तीन ऋतू जातात.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. वात साठतो उन्हाळ्यात आणि उसळतो पावसाळ्यात. पित्त साठते पावसाळ्यात आणि बाधते शरदात. कफ साठतो थंडीत आणि वसंतात पाझरतो. ज्या ऋतूत रोग दिसतो त्या ऋतूत तो जन्मलेला नसतो. मनाचेही असेच आहे की नाही, प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे. भावाभावांत बांधावरून आज काठ्या निघतात. तो राग काही आजचा नसतो, मागच्या कुठल्यातरी लग्नातल्या मानपानात साठलेला असतो. आणि आपण औषध शोधतो आजच्या दिवसात!

मागे एका गावी सप्ताहात कीर्तन झाल्यावर एक माउली पाया पडायला आली. म्हणाली, “महाराज, लेक जाऊन वरीस झालं. माळ हातात घेते, पण नाम काही तोंडात येत नाही. माझी भक्तीच खोटी होती का हो?” शेजारी उभे असलेले एक गृहस्थ लगेच तिला आत्म्याचे अमरत्व सांगू लागले. आम्ही त्यांना हाताने थांबविले. सिद्धांत खरा आहे, पण वेळ चुकली की खरा सिद्धांतही दगडासारखा लागतो. आम्ही तिला विचारले, “बाई, घरी शेत आहे?” म्हणाली, “हाय, दोन एकर.” “उन्हाळ्यात ते कसे दिसते?” “कसं दिसणार? ढेकळं नुसती.” “मग ते मेले म्हणून तुम्ही सोडून देता का?”

ती काही बोलली नाही, पण तिला समजले. नांगरट करून जमीन उन्हात तापत टाकतात, ती तिच्यावर राग म्हणून नव्हे. बरे, पाऊस पडला की कोणी त्याच पावली तिफण घेऊन निघते का? चिखलात पेरले तर बी कुजते. शेतकरी वाफशाची वाट पाहतो. वरून कोरडे, आत ओल, पायाला न चिकटणारे, असे रान झाले की मग पेरतो. दुःखी माणसालाही वाफसा यावा लागतो. तो येण्याआधी उपदेश पेरणारे आमच्यातच पुष्कळ आहेत, हे सांगणे भाग आहे.

वाग्भटाचार्य ऋतुसंधी सांगतात. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात, असे चौदा दिवस. या काळात जुनी राहणी हळूहळू सोडावी, नवी हळूहळू धरावी. एकदम केले तर रोग होतो. आपली वारी पाहा. माघी शिशिरात, चैत्री वसंतात, आषाढी पावसाच्या तोंडावर, कार्तिकी शरदाच्या शेवटी. वर्षाच्या प्रत्येक वळणाच्या आसपास वारकऱ्याचे पाऊल पंढरीकडे वळते. संतांनी वैद्यक पाहून वाऱ्या लावल्या असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याने नेम धरला त्याला वर्षाचे वळण चुकत नाही, एवढे खास. चातुर्मासातले कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणे आणि एकभुक्त राहणे हेही मंद झालेल्या अग्नीला झेपेल असेच आहे. मात्र एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर तळलेले वडे आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन जो उपास होतो, त्याचे पुण्य कोणत्या खात्यात जमा होते ते चित्रगुप्तालाच ठाऊक.

आणखी एक. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी चालू असताना ‘विठ्ठल पाहून घेईल’ म्हणून ती सोडून वारीला निघणे ही भक्ती नव्हे. देव स्वतः काढा घेतो, हे वर सांगितलेच.

आता कोणी म्हणेल, महाराज, ऋतू शहाणे असते तर तुमचे खरे. पण ऋतूच चुकले तर? प्रश्न रास्त आहे. १६३० साली पाऊस फिरला आणि दुष्काळ पडला. त्यात तुकोबारायांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, असे चरित्रकार सांगतात. १९७२चा दुष्काळ आमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. अनेक घरांतली वारकरी माणसे त्या दोन वर्षांत गेली. २०२२ साली वारी पुन्हा चालली तेव्हा दिंडीतल्या त्यांच्या जागा मोकळ्या होत्या. त्या जागा भरल्या, असे आम्ही म्हणणार नाही.

पण आपले पंचांग पाहा. चंद्राचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५. दरवर्षी ११ दिवसांची तूट पडते. ती तशीच वाढू दिली तर पंधरा-सोळा वर्षांत आषाढी कडाक्याच्या थंडीत येईल. शास्त्रकारांनी काय केले? रोज ओढाताण करून तूट भरली नाही, आणि तूट नाहीच असेही म्हटले नाही. ती साठू दिली, आणि साडेबत्तीस महिन्यांच्या सुमारास तिचाच एक महिना झाला. लोक त्याला मलमास म्हणून नाक मुरडीत. त्यात लग्न नाही, मुंज नाही. पुराणात कथा आहे की हा नकोसा महिना भगवंताकडे रडत गेला आणि भगवंताने त्याला आपले पुरुषोत्तम हे नाव दिले. उणीव साठून झालेल्या काळालाच देवाचे नाव आहे, बाकीच्या बारांना नाही. शके १९४८, म्हणजे २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ असाच. त्यामुळे आदल्या वर्षी ६ जुलैला असलेली आषाढी त्या वर्षी २५ जुलैला.

त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले की माळ हातात असू द्या, मणी ओढू नका. दिंडीत चालवत नसेल तर दिंडी गावावरून जाईल तेव्हा वारकऱ्यांना पाणी द्या. ती म्हणाली, “पाणी द्यायला जमंल, महाराज. विहिरीला पाणी हाय आमच्या.”