नवस बोलण्यापूर्वी



देवदर्शनास येणाऱ्याच्या मनात काही मागणे असते आणि त्या मागण्याच्या जोडीला पुष्कळदा एक वचनही असते. 'आजार बरा होऊ दे, अमुक वाहीन', 'मुलाला नोकरी लागू दे, तमुक करीन', असे आपण हात जोडून बोलून जातो. बोललेला नवस फेडलाच पाहिजे, ही वाडवडिलांची शिकवण सर्वांस ठाऊक आहे. तो बोलावा कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

देवासुरसंग्रामात कैकेयीने प्राण वाचविले म्हणून दशरथ राजाने तिला दोन वर दिले. काय मागावे आणि केव्हा मागावे, यांस त्याने मर्यादा घातली नाही. रामाच्या राज्याभिषेकाच्या तोंडावर ते वर मागितले गेले. वचन पाळले गेले. परंतु चौदा वर्षांचा वनवास भोगला तो रामाने, सीतेने आणि लक्ष्मणाने. शब्द एकाचा, भार दुसऱ्यांवर, असे झाले.

महाभारताच्या कर्णपर्वातही असाच प्रसंग आहे. 'गांडीव दुसऱ्याला देऊन टाक' असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर संतापाच्या भरात नेमके तेच बोलला आणि अर्जुनाने वडील बंधूवर खड्ग उपसले. ही प्रतिज्ञाच पोरबुद्धीने केलेली होती, असे श्रीकृष्णांनी त्यास सुनावले. थोरांस एकेरी शब्दांनी अवमानणे हाच त्यांचा वध होय, असा मार्ग सांगून त्यांनी अनर्थ टाळला. शब्द पाळताना जी दक्षता घ्यावयाची, ती शब्द देण्यापूर्वीच घ्यावी, हा याचा बोध.

म्हणून नवस आपल्या देहाने आणि आपल्या कमाईतून फिटेल एवढाच बोलावा. सुनेने उपवास करावा, मुलाने पायी यावे, असे दुसऱ्याच्या वतीने कबूल करू नये. कर्ज काढून नवस फेडण्याची वेळ घरावर आणू नये. वारकरी माळ घालतो, तेव्हा वारी, एकादशी आणि शुद्ध आहार ही बंधने त्याला आधीच ठाऊक असतात. म्हणूनच ती आयुष्यभर निभावतात.

देणगीचा संकल्प जाहीर करतानाही हाच विवेक असावा. जाहीर झालेल्या आकड्याच्या भरवशावर अन्नछत्राची, भक्तनिवासाची कामे हाती घेतली जातात. मोठा आकडा बोलून राहून गेला, तर काम अडते. लहान रक्कम वेळेवर आली, तर पंगत उठते.

पूर्वी बोललेला नवस आज आवाक्याबाहेर गेला असेल, तर मनात भीती धरू नये. देव सावकार नव्हे. जे शक्य आहे ते श्रद्धेने करावे आणि उरलेले त्याच्या चरणी मोकळेपणाने सांगावे. मात्र मजुराची मजुरी, शेजाऱ्याची उसनवारी आणि म्हाताऱ्या आईला 'लवकर येतो' म्हणून दिलेला शब्द, हे आधी फेडावे. माणसांना दिलेली वचने पाळून जो येथे येतो, त्याचे रिकामे हातही देवाला भरलेले दिसतात.