पहिल्या दिवशीचे गिऱ्हाईक

'सायबरपंक 2077' हा आज उत्तम गेम आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. सप्टेंबर 2023 मध्ये 2.0 हे अपडेट आले आणि त्याचा कायापालट झाला. आधी चिलखताचे आकडे अंगावरच्या कपड्यांना चिकटलेले असायचे. जीव वाचवायचा तर विजोड टोपी आणि भडक जॅकेट चढवून हिंडण्यावाचून गत्यंतर नसे. 2.0 ने ते आकडे शरीरात बसवलेल्या यंत्रभागांकडे दिले आणि कपडे नुसत्या हौसेसाठी मोकळे केले. पहिल्या आवृत्तीत गुन्हा घडला रे घडला की पोलीस हवेतून उगवल्यासारखे पाठीशी उभे राहत. आता ते गाड्या घेऊन पाठलाग करतात, रस्ता अडवतात. ज्या शहरात ही सगळी कथा घडते, त्याला शहरपण आले ते अशा बदलांमुळे. तीन वर्षे नेटाने हे काम करणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे.

पण 'गेम सुधारला' एवढ्यावर आपण थांबतो, ते मला खटकते. कुणाचा गेम सुधारला, हे विचारायचे राहूनच जाते.

10 डिसेंबर 2020 रोजी हा गेम आला, तेव्हा त्याचे सर्वांत वाईट रूप पाहायला मिळाले ते प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर. चित्र अडखळायचे, माणसे अर्धवट रंगवल्यासारखी दिसायची, चालता चालता गेम बंद पडायचा. आठवडाभरात सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून 2021 मध्ये तो तिथे परतला. दरम्यान, 2020 संपेपर्यंत सुमारे 1 कोटी 37 लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. आता पुढची गोष्ट, जी कौतुकाच्या गडबडीत झाकली जाते. 2.0 हे अपडेट प्लेस्टेशन 4 वर आलेच नाही. जुन्या यंत्रांसाठीची मोठी कामे 2022 च्या 1.6 या आवृत्तीपाशी थांबली. ज्यांना सगळ्यात जास्त सोसावे लागले, त्यांच्या वाट्याला तो कायापालट आला नाही. तो बघायचा तर नवे यंत्र घ्या.

महानगरातल्या हौशी खेळाडूला हे किरकोळ वाटेल. त्याने यंत्र कधीच बदललेले असते. आमच्या संभाजीनगरात तसे नाही. इथल्या गेम पार्लरमध्ये ताशी पैसे मोजून खेळणाऱ्या पोरांच्या हातात आजही बहुधा प्लेस्टेशन 4 चाच कंट्रोलर असतो. घरोघरी जी यंत्रे आहेत त्यांतली कितीतरी सेकंडहँड, पुण्या-मुंबईच्या कुणीतरी नवे घेतल्यावर विकलेली. डिस्कचेही तसेच. या गेमची प्लेस्टेशन 4 ची पेटी उघडली की दोन डिस्क निघतात आणि दोन्हींवर 2020 चाच गेम असतो. पेटीवर आवृत्तीचा उल्लेख नसतो. नेट न जोडता डिस्क लावली तर कंपनीने कधीच मागे टाकलेला गेम जसाच्या तसा पुढ्यात येतो. नेट जोडले तर कित्येक जीबी उतरवून घ्या, आणि तरीही 1.6 च्या पलीकडे फारसे काही हाती लागत नाही. 'अरे, आता तो भारी झालाय' असे यूट्यूबवर ऐकून आठशे-हजाराला डिस्क घेणारा मुलगा कुठला गेम घरी नेतो आहे, हे त्याला दुकानात कुणी सांगत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. नंतरची दुरुस्ती पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजलेल्या माणसापर्यंत, त्याच्याच यंत्रावर, पोचली का?

'नो मॅन्स स्काय' या कसोटीला उतरतो. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या 'हेलो गेम्स' या छोट्या कंपनीचा हा गेम ऑगस्ट 2016 मध्ये आला. अब्जावधी ग्रहांचे विश्व आणि त्यात कदाचित दुसरा खेळाडूही भेटेल, अशी आशा कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांच्या मुलाखतींनी लावली होती. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावरच्या एकाच जागी पोचले आणि त्यांना एकमेक दिसले नाहीत. लोक संतापले, आणि तो संताप रास्त होता. कंपनी बराच काळ गप्प बसली. मग नोव्हेंबर 2016 पासून एकेक अपडेट येऊ लागले. जुलै 2018 च्या 'नेक्स्ट'मध्ये खेळाडू खरोखर एकमेकांना दिसू लागले आणि सोबत हिंडू लागले. पुढची सगळी मोठी अपडेट्स फुकट होती आणि 2016 च्या प्लेस्टेशन 4 च्या डिस्कवाल्यालाही ती मिळत राहिली. त्याने पुन्हा खिशात हात घालायची वेळ आली नाही. जपानच्या स्क्वेअर एनिक्सने तर 'फायनल फँटसी 14' नोव्हेंबर 2012 मध्ये चक्क बंद केला, खेळातल्या जगावर चंद्र कोसळवून, आणि ऑगस्ट 2013 मध्ये तो नव्याने उभा केला. पडत्या काळात साथ देणाऱ्यांना मासिक वर्गणीत कायमची सवलत मिळाली आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे आली. आपण कुणाचे देणे लागतो, हे त्या कंपनीने लक्षात ठेवले.

आमच्या शहराला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये. सायबरपंक आला त्याच महिन्यात, डिसेंबर 2020 मध्ये, इथल्या 1,680 कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च 2,740 कोटींवर गेला. मधल्या वर्षांत जायकवाडी धरण उशाला असूनही कित्येक वसाहतींत आठवड्यातून एकदा पाणी यायचे आणि लोक पाणीपट्टी भरून वर टँकरचे पैसे देत. योजना पुरी झाली की नळाला धो धो पाणी येईल आणि सगळे आनंदतील, मीही आनंदेन. पण टँकरवर खर्चलेला पैसा ज्याचा गेला त्याचा गेलाच. उशिराने का होईना काम झाले, या समाधानात तो माणूस हिशेबातून गळतो. गेमच्या बाबतीतही नेमका तोच गळतो.

आणि इथे आपल्यालाही स्वतःकडे पाहिले पाहिजे. आपण बहुतेक सगळे उशिरा घेणारे. सेलची वाट बघतो, निम्म्या-पाव किमतीत घेतो आणि तोवर बग निघालेले असतात. यात गैर काही नाही. तीन-चार हजारांचा गेम पहिल्या दिवशी घेणे इथल्या किती घरांना परवडते? मात्र आपल्याला मिळालेला तो घोटीव गेम आधीच्या गिऱ्हाइकांच्या पैशावर आणि तक्रारींवर घडलेला असतो. त्यांनी आरडाओरडा केला, बग कळवले, पैसे परत मागितले, म्हणून कंपन्या हलल्या. 'तेव्हा लोकांनी उगाच झोडपले, बघा आता किती छान आहे' असे उशिरा आलेल्याने म्हणणे मला कृतघ्नपणाचे वाटते. त्या झोडपण्याविना हा छानपणा आला असता, असे मानायला काहीच आधार नाही. आणि वाट पाहणाऱ्याला दरवेळी फळ मिळतेच असेही नाही. 'अँथम' हा गेम 2019 मध्ये आला, तो नव्याने घडवण्याचे काम चालू असल्याचे सांगितले गेले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ते गुंडाळले गेले. विश्वास ठेवून थांबलेल्यांच्या हाती काही आले नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. लहान कंपनीने काय करावे? पैसे संपत आलेले असतात, गेम बाजारात आणला नाही तर तो कधीच येणार नाही. याचे उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही, पुण्याला गेले तरी पुरे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या कंपनीने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' बनवला. लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा 2017 मधला प्रयत्न फसला होता. तरी ऑगस्ट 2020 मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळाले. भिंतीवरून झेप घेत त्रिशूळ फिरवणारी, हरवलेल्या भावाला शोधणारी ती डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी बघून मला जो आनंद झाला, तो कुठल्याच परदेशी गेमने दिला नाही. दोष होतेच. लढाईत सफाई कमी, शेवट तुटक, आणि दुर्गा-विष्णू इंग्रजीत बोलतात हे कानाला रुचत नव्हते. पण विकला तो गेम पुरता खेळता येण्याजोगा होता. लहान असला तरी गिऱ्हाइकाला दाखवलेलेच त्यांनी दिले होते. मे 2022 मध्ये सुधारित आवृत्ती आली : हिंदी आवाज, सफाईदार लढाई, त्रिमितीय कथादृश्ये. आधी घेतलेल्यांना ती फुकट. पैशाची चणचण असताना पुण्याच्या मंडळींना हे जमले असेल, तर सायबरपंक बनवणाऱ्या वॉर्सातल्या बड्या कंपनीला सवलत देण्याचे कारण मला दिसत नाही.

राजीविषयी एक हळहळ मात्र आहे. मूळ आवृत्तीत कथा छायाबाहुल्यांच्या धर्तीवर पुढे सरकायची. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या जातकुळीची सावली पुण्यात बनलेल्या गेममध्ये दिसते, याचे मला फार अप्रूप होते. नवी दृश्ये जास्त खर्चाची आहेत, जास्त सफाईची आहेत, पण चार परदेशी गेमसारखी आहेत. एकदा अपडेट घेतले की जुने रूप सहजी हाती लागत नाही. पहिल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला जे आवडले होते, तेही त्याने पैसे देऊनच घेतले होते. तेव्हा नवे फुकट देताना जुने मेनूत एका बटणामागे शाबूत ठेवावे, एवढे मागण्याचा हक्क त्याला आहे असे मी मानतो.