कोठाराचे घर

लूकच्या शुभवर्तमानातील धनवान शेतकऱ्याची गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पीक उदंड आले म्हणून तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधावयाचे ठरवितो. त्याच्या लोभाविषयी प्रवचने पुष्कळ झाली. त्या जुन्या कोठारांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. आज प्रश्न उलटा झाला आहे. कोठारे उभी आहेत, त्यांत भरावयास काही उरलेले नाही. अशा वास्तूचे आधुनिक घर करावे काय, आणि मालकाला त्यात किती मोकळीक असावी?

ह्या प्रश्नाचा खल इंग्लंडात बराच झाला आहे. १९४७ च्या कायद्याने तेथे ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी याद्या होऊ लागल्या, आणि राजवाड्यांबरोबर शेतांवरील कोठारेही त्यांत आली. ग्रेट कॉक्सवेल येथील कोठार ब्यूलीच्या सिस्टर्शियन मठवासीयांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. लांबी सुमारे ४६ मीटर, छपराचा भार ओकच्या खांबांवर. १५३८ साली मठ बंद पडला, मठवासी पांगले, कोठार राहिले. १९५६ पासून नॅशनल ट्रस्ट ते सांभाळीत आहे.

लहान कोठारांना असा वाली मिळत नाही. मळणीची अजस्र यंत्रे त्यांच्या दारांतून आत जाईनात, तेव्हा ती ओस पडली आणि घरासाठी विकली जाऊ लागली. अडचण तेथेच सुरू होते. कोठाराला समोरासमोर दोन भव्य दारे असत. मधल्या जमिनीवर मळणी होई आणि आरपार वाहणारा वारा भूस उडवून नेई. आपल्या खळ्यावर सूप उंच धरून उभा राहणारा शेतकरी ज्याची वाट पाही, तोच हा वारा. भिंतींना खिडक्या नाहीत, हवेपुरत्या फटी. कुटुंबाला तर उजेड हवा, निजावयाच्या खोल्या हव्यात, न्हाणीघर हवे. मध्ये मजला घातला की ती उंच पोकळी, जी कोठाराचा प्राण, नाहीशी होते. म्हणून जाणकार सांगतात, मोठ्या दारांत काच बसवा, नव्या खिडक्या मोजक्या ठेवा, निदान एक भाग छपरापर्यंत मोकळा सोडा. यादीतील इमारतीच्या अंतर्भागात महत्त्वाचा बदल करावयासही परवानगी लागते. २०१४ पासून तेथे इतर शेतइमारतींची घरे करणे सोपे झाले. यादीतील इमारतींना मात्र ती सवलत नाही.

मालक म्हणेल, पैसे माझे, छप्पर माझे. संत थॉमस अक्विनस ह्यांनी खाजगी मालकी मान्य केली, परंतु वस्तूंचा उपभोग घेताना त्या सर्वांच्या आहेत असे मानावे, असेही सांगितले. मला वाटते, येथे हाच निकष लावावा. वास्तू वापरात राहणे इष्टच. रोमचे पँथिऑन टिकले, ते ६०९ साली त्याचे चर्च झाले म्हणून. मात्र घराने वास्तूला वाकवावे तितकेच वास्तूनेही घराला वाकवावे. ज्याला सहा खोल्यांवाचून चालत नाही, त्याने कोठार विकत घेऊ नये.

पण समाजानेही फुकटचा आग्रह धरू नये. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांत मालकाला हस्तांतरणीय विकासहक्काच्या रूपाने भरपाईची तरतूद आहे. तरी गिरगावच्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांची लाकडी घरे एकेक करून पडतच गेली. गल्लीचे सौंदर्य पाहणाऱ्यांचे आणि छपराची गळती थांबविण्याचा खर्च घरमालकाचा, हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही.

परतवाडा ही मेळघाटच्या सागवानाची जुनी पेठ. येथे गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात. ट्रॅक्टर आले, बैल गेले, कोठे रिकामे झाले. कोणतीही यादी त्यांचे रक्षण करीत नाही. जुने सागवान चांगल्या मोलाने जाते, म्हणून खांब उपटले जातात आणि त्या जागी सिमेंटच्या खोल्या उठतात, ज्यांत मे महिन्याच्या दुपारी बसवत नाही. जाड मातीच्या भिंतींचा कोठा त्या मानाने थंड. लग्न झालेल्या मुलासाठी वेगळे बिऱ्हाड थाटावयाचे असेल तर दोन खिडक्या, नीट फरशी आणि बाहेरच्या अंगाला न्हाणी एवढ्यावर पुष्कळदा भागते. खांब न हलविता आडभिंत कोठे घालावी, हे जुना सुतार अर्ध्या दिवसात दाखवून देईल. लाकडाचा व्यापारी दारात येण्यापूर्वी त्याला बोलवावे.