ओळखणारा परीक्षक आणि न ओळखणारा

गुण आणि क्रमांक या दोन गोष्टी एकच आहेत असें आपल्या घराघरांत धरून चालण्यांत येतें. वस्तुतः त्या भिन्न आहेत. गुण सांगतात तें विद्यार्थी आणि विषय यांच्यामधील अंतर; क्रमांक सांगतो तें एका मुलाचें दुसऱ्या मुलापासूनचें अंतर. शंभरांपैकीं ऐंशी गुण मिळविणाऱ्यास गणित बरेंच समजलें आहे, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु तो एकोणऐंशी गुणांच्या मुलापेक्षां अधिक जाणता, आणि म्हणून हव्या त्या महाविद्यालयांत जागा मिळण्यास अधिक पात्र, हें विधान निराळ्या जातीचें आहे. तें न्यायाचें विधान आहे. आणि न्याय म्हटला कीं न्यायाधीश कोण, हा प्रश्न आलाच.

महाराष्ट्रांतील दहावीच्या शालान्त परीक्षेंत असे न्यायाधीश दोन आहेत. बहुतेक विषयांत 80 गुण लेखी पत्रिकेचे. ते देणाऱ्या परीक्षकापुढें केवळ उत्तरपत्रिका असते, मूल नसतें. उरलेले 20 गुण शाळा देते, आणि ते देणारा शिक्षक मुलास वर्षभर पाहत आलेला असतो. एकाचें सामर्थ्य न ओळखण्यांत आहे, दुसऱ्याचें ओळखण्यांत. या दोन परस्परविरुद्ध सामर्थ्यांची आपण बेरीज करतों आणि आलेल्या आंकड्यास मुलाची योग्यता असें नांव देतों.

न ओळखणाऱ्याची थोरवी सांगण्यास रायगड जिल्ह्याइतकें चांगलें स्थळ नाहीं. जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें त्या काळीं, 1896 सालीं, महाडजवळच्या नाते गांवीं चिंतामणराव देशमुख जन्मास आले. 1912 सालीं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत ते पहिले आले, आणि 1918 सालीं लंडन येथें आय. सी. एस. परीक्षेंतहि त्यांचाच पहिला क्रमांक लागला. पुढें 1943 सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते वकिलाचे चिरंजीव होते, घरांत विद्या होती, हें विसरून चालणार नाहीं. तथापि उत्तरपत्रिकेवर गांव लिहिलेलें नसतें, शिफारस टांचलेली नसते, हा लाभ कुलाब्यांतल्या मुलास मिळाला आणि तो अपूर्व होता.

आतां दुसरी बाजू पहा. मुरूड किंवा श्रीवर्धनच्या कोळीवाड्यांतील एखादी मुलगी पहांटे बंदरावर मासळी निवडते आणि मग शाळेंत येते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण कां येतें आणि अष्टमीस भांगाची भरती कां असते, हें ती तोंडीं इतकें स्वच्छ सांगेल कीं ऐकणारा थक्क व्हावा. लिहावयास बसली म्हणजे मात्र तीन ओळींत अडखळेल. लेखी परीक्षकास त्या तीन ओळी तेवढ्या दिसतात. तिला काय येतें हें तिच्या शिक्षकासच ठाऊक.

2020 सालीं तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. भूगोलाची पत्रिका 23 मार्च रोजीं व्हावयाची होती. महामारीमुळें ती रद्द झाली आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्या विषयाचे गुण देण्यांत आले. निकालाची वाट पाहत असतांच 3 जून रोजीं अलिबागच्या दक्षिणेस निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलें, आणि सुपारी-नारळांच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या मुलांनीं तो भूगोल डोळ्यांनीं पाहिला त्यांच्या गुणपत्रिकेवरचे भूगोलाचे गुण भाषा-गणितावरून काढलेले होते! ते ना ओळखणाऱ्यानें दिले, ना अनोळख्यानें. तरीहि टक्केवारींत ते दशांशांसह मोजले गेले.

त्याच्या आदल्या वर्षीं शासनानें भाषा व सामाजिक शास्त्रें यांतील शाळेच्या हातचे 20 गुण काढून घेतले होते. 2018 सालीं 89.41 टक्के असलेला निकाल 2019 सालीं 77.10 टक्क्यांवर आला. लगेच पुढच्या वर्षीं ते गुण परत देण्यांत आले. शिक्षकाच्या साक्षीवांचून न्याय अपुरा राहिला, असें कोणास वाटलें म्हणून नव्हे. अकरावीच्या प्रवेशांत इतर मंडळांचीं मुलें पुढें जातात, ही ओरड झाली म्हणून. ओळखणाऱ्याचें मत आपणांस हवें होतें तें क्रमांकाच्या बाजारांतील भरपाई म्हणून.

मग 2021 साल आलें. परीक्षाच झाली नाहीं. नववीच्या निकालास 50, दहावींतील लेखी मूल्यमापनास 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकास 20, असे सारेच गुण शाळांच्या स्वाधीन झाले. 99.95 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. प्रवेशासाठीं योजिलेली स्वतंत्र परीक्षा 10 ऑगस्ट रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केली, म्हणजे क्रमांकहि याच गुणांवरून लागावयाचा होता. त्या निकालावरून शिक्षकांची थट्टा पुष्कळ झाली. मला ती अनुचित वाटते. श्रीवर्धनच्या शिक्षकास आपलीं चाळीस मुलें ठाऊक असतात, दादरचीं नसतात. आणि रायगड तर मंडळाच्या मुंबई विभागांतच मोडतो. न पाहिलेल्या मुलांच्या रांगेंत आपल्या मुलास उभें करा, असें ज्यास सांगितलें तो न्यायाधीश राहूं शकत नाहीं. तो वकील होतो. आणि वकिलानें अशिलाविरुद्ध बोलावें ही अपेक्षा कोण करील?

यावर उपाय मला एकच दिसतो. शिक्षकाचें मत शब्दांत असावें, गुणपत्रिकेसोबत असावें, पण बेरजेबाहेर असावें. यास आक्षेप आहेत. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत यंत्राद्वारें होतात, आणि यंत्रास आंकडा लागतो. याहून गंभीर आक्षेप असा कीं लहान गांवांत शिक्षकाच्या शब्दासहि जात, नातें आणि ओळख चिकटूं शकते. त्यापासून सुटका म्हणूनच तर अनोळखी परीक्षक आणला. हा आक्षेप मी खोडून काढूं शकत नाहीं, आणि म्हणूनच क्रमांक लावण्याचें काम, जागा थोड्या आणि मागणारे फार असतील तेथें, मी अनोळख्याकडेच ठेवीन.

पण मग शिक्षक मोकळा होईल, आणि त्याचा लाभ प्रथम त्या बंदरावरच्या मुलीस होईल. बीजगणितांत ती कच्ची असेल तर वीसांपैकीं नऊ गुण हेंच खरें उत्तर आहे. आज ते नऊ गुण देणें म्हणजे तिची जागा दुसऱ्यास देणें होय. म्हणून शिक्षक अठरा देतो, आणि तिला बीजगणित येत नाहीं हें तिच्या घरीं कोणासच कळत नाहीं.